समुद्राच्या बाजूची होडी

बंदर कशासाठी बांधतात, असं तुम्हाला वाटतं? जहाजं लागावीत म्हणून?

सोळा वर्षांची होईपर्यंत मलाही तसंच वाटायचं. माझे पप्पा बंदरांच्या कामावर होते. बांधायची कंपनी, पप्पा तिथे काँक्रीट तपासायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाळेसाठी म्हणून आई आणि मी मस्कतला, अल् घुब्रात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो आणि पप्पा किनाऱ्यावर चार तासांच्या अंतरावर एका साइटवर. गुरुवारी दुपारी यायचे, शुक्रवारी संध्याकाळी जायचे. त्यांच्या बुटांच्या शिवणीत कायम राखाडी भुकटी असायची. आई ती बाल्कनीत झटकायची आणि म्हणायची, "आणलंत थोडं बंदर घरी."

माझ्या मराठीबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्या मराठीमुळे झालं. वर्गातली मराठी मुलं आपसांत इंग्रजी बोलायची आणि घरी "मम्मी, मला हंग्री आहे" म्हणायची. माझं तसं होऊ द्यायचं नाही असं आईनं ठरवलं होतं. पण घरात मराठी पुस्तकं नव्हती. होती ती आजोबांची पत्रकं. आईच्या वडलांचा विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी पायानं चालवायचा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून ते घर चालवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं छापायचे. वस्तीला पाणी नाकारलं, काढ पत्रक. वसतिगृहात किडके तांदूळ शिजवले, काढ पत्रक. आईनं लग्नानंतर त्या पत्रकांची एक पत्र्याची पेटी सासरी नेली होती, आणि तीच पेटी पुढे ओमानला आली. इतर मुलं 'कमळ, बदक' वाचून मराठी शिकतात. मी 'बंधूंनो आणि भगिनींनो, अजून किती दिवस झोपणार' इथून सुरुवात केली.

आजोबांचा एक नियम आईनं मला पाठ करून दिला होता. साक्षीदाराशिवाय पत्रक म्हणजे अफवा. म्हणून त्यांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी, ज्यानं अन्याय पाहिला त्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, वस्ती छापलेली असायची. ज्यांचं नाव आयुष्यात कधी कुठे छापून आलं नव्हतं, ती माणसं तो कागद घडी करून खिशात ठेवायची आणि भेटेल त्याला दाखवायची. मला हा नियम फार थोर वाटायचा. अजूनही तो वाईट आहे असं मी म्हणत नाही.

बऱ्याच शुक्रवारी पप्पांबरोबर आमच्याकडे चाचा जेवायला यायचे. चाचा रत्नागिरीच्या एका खाडीकाठचे, पप्पांच्या साइटवर शटरिंगचे फोरमन. ओलं काँक्रीट ज्या लाकडी साच्यात ओततात ते शटरिंग. वय बावन्न. त्यांचे वडील आणि आजा मचवे बांधायचे, आणि चाचा म्हणायचे की कामात काही फरक नाही. होडीत पाणी बाहेर ठेवायचं, शटरिंगमध्ये आत. फळीला फळी तशीच बसवायची. ते नमाज पढून यायचे, येताना माझ्यासाठी एखादा लाकडाचा तुकडा आणि आईसाठी सुकी मासळी. आई शाकाहार पाळायची, तरी मासळी ठेवून घ्यायची आणि पप्पांना करून घालायची.

जेवताना चाचा पप्पांची खेचायचे. "वहिनी, साहेबांचा काँक्रीट म्हणजे पातळ पिठला. त्याला उभा राहायला कोण शिकवतो? मी."

"आणि पिठल्यात पाणी किती ते कोण बघतं?" पप्पा विचारायचे.

"बघता तुमी. पन ओततंय तेव्हा तुमी ऑफिसात."

हे मी तेव्हा विनोद म्हणून ऐकलं.

त्या वर्षी जानेवारीत शाळेच्या प्रदर्शनासाठी मी रोमन बंदराचं मॉडेल घेतलं. कल्पना पप्पांची. प्राचीन रोमनांच्या काँक्रीटवर त्यांची भक्ती होती. ज्वालामुखीची राख आणि चुना एकत्र करून ते समुद्रात ओतायचे, ते पाण्याखालीच घट्ट व्हायचं आणि खाऱ्या पाण्यानं पुढे शतकानुशतकं आणखी घट्ट होत गेलं. "आपलं उलटं," पप्पा म्हणायचे. "आपल्यात आत लोखंड. मिठाचं पाणी एकदा लोखंडापर्यंत पोचलं की ते गंजतं, फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. म्हणून ते दाट हवं. पाणी जास्त झालं की काँक्रीटला भोकं राहतात, डोळ्यांना न दिसणारी."

मग त्यांनी रोमजवळच्या मोठ्या बंदराची गोष्ट सांगितली. नदीच्या मुखाजवळ बंदर बांधायचं सम्राटाच्या मनात आलं तेव्हा त्याच्याच बांधकामवाल्यांनी सांगितलं की हे करू नका, झेपणार नाही. त्यानं केलं. आधीच्या एका सम्राटानं इजिप्तहून दगडी सुळका आणायला एक अवाढव्य जहाज बांधलं होतं. ते जहाज काँक्रीटनं भरून समुद्रात बुडवलं आणि त्याच्यावर दीपस्तंभ उभा केला.

चाचा भाकरी मोडता मोडता थांबले. "म्हणजे तारवाचाच शटरिंग केला?"

"तसंच."

त्यांना याचा इतका आनंद झाला की ते जेवण सोडून हसत बसले. मग एकदम म्हणाले, "पन ज्यानी तो तारू बांदला तो सुतार काय म्हणाला असेल, साहेब?"

पप्पांना माहीत नव्हतं. पुस्तकात नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र पत्रक सुरू झालं.

मॉडेलचे साचे चाचांनी प्लायवूडचे करून दिले, मी त्यांत प्लास्टर ओतलं. एका साच्याच्या आतल्या अंगाला त्यांनी नखाएवढी लाकडी होडी चुकेनं, म्हणजे बारीक खिळ्यानं, ठोकली. साचा काढल्यावर प्लास्टरमध्ये होडीचा खळगा उमटला. हे ते प्रत्येक कामावर करायचे, त्यांनी सांगितलं. शेवटची फळी बसवताना आतून एक होडी. कुठे, तर समुद्राच्या बाजूला, भरतीच्या रेषेखाली. तिथे साहेब लोक बघत नाहीत. "दर्याला कळला म्हणजे झाला, कोणी केला ता."

मॉडेलसाठी वाचताना मला आणखी दोन गोष्टी सापडल्या, आणि त्यांनी मला झोपू दिलं नाही. ते बंदर बांधून होत असतानाच तिथे एक महाकाय देवमासा शिरला. बुडालेल्या जहाजातली कातडी खायला आला आणि उथळ पाण्यात अडकला. सम्राटानं बंदराच्या तोंडाशी जाळी लावली, होड्यांत सैनिक बसवले आणि जनतेला बोलावून सगळ्यांसमोर त्याला भाल्यांनी मारलं. अडकलेल्या जनावराशी लढाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण सम्राटानं समुद्राला हरवलं होतं. दुसरी गोष्ट पुढच्या सम्राटाच्या काळातली. त्याच बंदराच्या आत, भिंतींच्या आड, वादळानं शे-दोनशे धान्याची जहाजं बुडाली. थोड्याच वर्षांत त्या सम्राटानं नाणं पाडलं. नाण्यावर तेच बंदर, गोल, भरलेलं, शांत. बुडालेलं धान्य ज्यांच्या पोटात जायचं होतं त्यांच्या हातात हे नाणं आलं.

बंदर कशासाठी बांधतात, ते मला तेव्हा कळलं. जहाजं ही त्यातली एक गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे बघणाऱ्यानं तोंड उघडं टाकून बघत राहावं. मी तसं तक्त्यावर लिहिलं. बाईंनी तो तक्ता काढायला लावला आणि मॉडेलला दुसरं बक्षीस दिलं.

मार्चच्या मध्यावर साइटवर शेवटचं मोठं काँक्रीट होतं. धक्क्याचा पुढचा जाड ठोकळा, जिथे उद्घाटनाची संगमरवरी पाटी बसणार होती. मेमध्ये समारंभ ठरला होता, पाहुणे ठरले होते, तंबूचं कंत्राट गेलं होतं. पुढच्याच शुक्रवारी चाचा जेवायला आले आणि त्यांनी खेचाखेची केली नाही. पानावरून हात धुवायला उठताना त्यांनी पप्पांना सांगितलं.

काँक्रीट ओतलं त्या दुपारी वाळूचा वारा होता. काँक्रीटचे ट्रक रस्त्यात अडकले, पोचेपर्यंत माल आळायला लागला. नियमाप्रमाणे तो परत पाठवायचा. पप्पांच्या माणसानं पहिल्या ट्रकमधून तपासणीचे ठोकळे भरून घेतले आणि तो गेला. मग मॅनेजर आला. यल्ला, यल्ला, चला, आटपा करत त्यानं प्रत्येक ट्रकच्या पिंपात पाण्याचा पाइप सोडायला लावला. काँक्रीट मऊ झालं, भरभर वाहिलं, तासाभरात काम खलास.

म्हणजे कागदावर जे काँक्रीट होतं ते वेगळं आणि धक्क्याच्या ठोकळ्यात होतं ते वेगळं. तपासणीत पप्पांचे ठोकळे चांगलेच निघणार होते, कारण ते पाण्याआधीचे होते. काय झालं हे सांगणारा एकच पुरावा होता, आणि तो आमच्या बेसिनपाशी हात पुसत उभा होता.

"हे लिहून द्याल का?" पप्पांनी विचारलं.

"साहेब, मी तुमाला सांगितलंय. कागदाला नाय."

यात त्यांचं काय पणाला लागलं होतं हे ओमानमध्ये राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगते. व्हिसा कंपनीचा. कंपनीनं एक्झिट मारली की माणूस देशाबाहेर, आणि पुन्हा येणं कुणीतरी नव्यानं बोलावलं तर. बावन्न वर्षांच्या सुताराला कोण बोलावतं? गावाकडे खाडीत फायबरच्या होड्या आल्या होत्या. लाकडाला हात लावायला चाचांना जगात ही एकच जागा उरली होती.

पप्पांनी त्यांचं नाव न घेता मॅनेजरला सांगितलं की ठोकळ्यात शंका आहे, यंत्रानं भोक पाडून आतलं काँक्रीट काढून तपासू. मॅनेजर म्हणाला, समारंभाच्या जागी भोकं? कागद दाखव. कागद चांगला होता. पप्पा गप्प बसले. दोन गुरुवार ते आले, जेवले, झोपले आणि मी त्यांच्याकडे पाहून मनात आजोबांची पत्रकं म्हणत राहिले. तिसऱ्या गुरुवारी मी तोंडावर विचारलं, आजोबा असते तर त्यांनी काय केलं असतं?

पप्पांनी बूट काढता काढता उत्तर दिलं. "आजोबा त्यांच्या स्वतःच्या गावात राहत होते."

मला ते भेकड उत्तर वाटलं. त्या एका वाक्यात सगळं होतं आणि मी ते ऐकलं नाही. विहिरीवर भांडणाऱ्या माणसाला मारलं असतं, वाळीत टाकलं असतं, पण त्या गावातून हाकलून विमानात बसवता आलं नसतं. इथे जमीनच आमची नव्हती. पाय रोवायचे कुठे?

मी पत्रक लिहिलं. 'बंधूंनो आणि भगिनींनो, हा ठोकळा कुणासाठी?' असं शीर्षक. सम्राट, देवमासा, नाणं, मग आपलं बंदर. पाइप, पाणी, मॅनेजर. शेवटी 'प्रत्यक्ष साक्षीदार' असं लिहून चाचांचं पूर्ण नाव, वडलांचं नाव, गाव, मोहल्ला. मी त्यांचा मान करतेय असं मला वाटत होतं. ते मराठीत होतं, म्हणजे आपल्याच माणसांपुरतं होतं, असाही हिशोब होता. शाळेजवळच्या दुकानात चाळीस प्रती काढल्या. दुकानदार केरळचा. प्रेमाचा लेख आहे का म्हणून हसला.

आमच्याकडे चौदा एप्रिलचा कार्यक्रम एका मोठ्या घराच्या दिवाणखान्यात व्हायचा. निळ्या कापडाचं टेबल, मेणबत्त्या, वंदना, मग भाषणं, मग खीर. बहुतेक काका लोक इंजिनिअर, काही ऑफिसांत. सगळ्यांच्या घरी कधी ना कधी अशी पत्रकं आली होती, त्यामुळे मी खीर वाटली तशी पत्रकं वाटली आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही. काकू लोकांनी माझ्या मराठीचं कौतुक केलं. एक काका डोळे पुसत म्हणाले, तुझ्या आजोबांचं रक्त आहे. ते काका निवृत्तीला आले होते, आयुष्यभर अर्ज, निवेदनं, दाद मागणं यांवर त्यांचा विश्वास. त्यांनी घरी जाऊन माझं पत्रक इंग्रजीत उतरवलं, नीट टाइप केलं आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला फॅक्स केलं. नाव, वडलांचं नाव, गाव, मोहल्ला, सगळं. दोन दिवसांनी आमच्याकडे फोन करून त्यांनी हे अभिमानानं सांगितलं. आता चौकशी होईल, म्हणाले. आईनं फोन ठेवला आणि खाली बसली.

चौकशी झाली. सकाळच्या चहाइतका वेळ चालली. मॅनेजरनं कागद पुढे केले, तपासणीचे ठोकळे पास. म्हणजे एकतर हा फोरमन कंपनीची बदनामी करणारा खोटारडा, नाहीतर पाइप खरंच सोडला गेला आणि शटरिंग याच्या ताब्यात असताना सोडला गेला, म्हणजे दोषी हाच. कसंही वाचा, माणूस तोच. पप्पा उठून म्हणाले की मी हे त्यांच्या तोंडून ऐकलंय, भोक पाडून बघा. त्यांना सांगण्यात आलं की इब्रीला रस्त्याचं काम चालू आहे, तिथे मोऱ्या बांधायच्या आहेत, तुम्ही रविवारपासून तिकडे. साहेबाची बदली होते. फोरमनची एक्झिट.

विमानाला चार दिवस होते. साइटवर राहायला परवानगी नव्हती. चाचांचा चुलतभाऊ इब्रा या दुसऱ्याच गावी बाजारात शिलाईचं दुकान चालवायचा, तिथे ते जाऊन राहिले. इब्रीला जायच्या आधी पप्पांनी मला गाडीत बसवलं आणि दोन तासांवरच्या इब्राला नेलं.

चाचा दुकानाच्या मागच्या भिंतीशी फळी बसवत होते. कापडाचे तागे ठेवायचं मांडणं मोडलं होतं. भावानं चहा सांगितला.

"कागद आणलास काय?" त्यांनी विचारलं.

माझ्या दप्तरात होता. मी काढून दिला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि मला परत दिला. चाचा शाळेत गेले तेवढी वर्षं उर्दू शाळेत गेले होते. आपली अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. इतके शुक्रवार आमच्या घरी जेवलेल्या माणसाबद्दल हे मला माहीत नव्हतं.

"मोठ्यान वाच."

चाळीस घरांत ते पत्रक गेलं होतं, मुख्य कार्यालयात गेलं होतं. फक्त एका माणसानं ते वाचलं नव्हतं. मी वाचायला लागले. बंधूंनो आणि भगिनींनो. शिलाई मशीन थांबलं. सम्राट आला, देवमासा आला, नाणं आलं. जी वाक्यं लिहिताना अंगावर काटा आला होता, ती त्या कापडाच्या वासात, त्या उंबऱ्यापाशी पोकळ डब्यासारखी वाजत होती. पप्पा बाहेर तोंड करून उभे होते. शेवटची ओळ, नाव आणि गाव, मी इतकी हळू वाचली की भावानं पुन्हा वाच म्हणून खूण केली. मी पुन्हा वाचली.

चाचांनी तोंडातली चूक काढून फळीत ठोकली.

"खोटा काय नाय त्यात," ते म्हणाले. "पन बाय, नाव सोडून माजा काय हाय ह्यात? तू इचारलंस नाय मना."

मी म्हणाले, चाचा, तुम्ही नाही म्हणाला असता.

"व्हय," ते म्हणाले. "नाय म्हणालो असतो."

मग त्यांनी मला चहा प्यायला लावला. मांडणं पक्कं झालं की नाही ते पप्पांना हलवून बघायला सांगितलं. पप्पांनी हलवलं. पक्कं होतं.

मेमध्ये उद्घाटन झालं. आमच्या शाळेची मुलं झेंडे हलवायला बसनं नेली होती, त्यात मी. येत नाही म्हणायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. पत्रक निघालं की माणूस विमानात बसतो, एवढं मी शिकले होते. गालिचे, ढोल, तलवारींचा नाच, अत्तराचा धूर. टगबोटी समोर उभ्या राहून पाण्याच्या उंच कमानी उडवत होत्या आणि वारा ते पाणी आमच्या तोंडावर आणत होता. त्या ठोकळ्यावर मखमली पडदा. पडदा सरकला, पाटी दिसली, सोन्याची अक्षरं. सगळीकडे टाळ्या. बाई माझ्याकडे बघत होत्या. मीही वाजवल्या.

तो देवमासा मारताना बघ्यांतही अशी एखादी मुलगी असेल, जिला सगळं कळत होतं. आणि तिचा त्या देवमाशाला काडीचा उपयोग झाला नाही.

पुढची दहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पप्पांनी इब्रीला मोऱ्या बांधल्या, मग मुदत संपली, आई आणि ते नागपूरला परतले. मी पुण्यात शिकले, आणि मस्कतलाच भाषांतराच्या ऑफिसात नोकरी मिळाली म्हणून परत आले. चाचांनी तीनदा अर्ज केला, कुणी बोलावलं नाही. पप्पा दर ईदला त्यांना फोन करायचे. चाचांचा प्रश्न ठरलेला होता. "धक्का उभा हाय ना, साहेब?" पप्पा म्हणायचे, आहे.

मग एका जूनमध्ये मोठं चक्रीवादळ आलं. मस्कतचे रस्ते वाहून गेले, आमच्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यात चिखल भरला. लाज वाटते, पण लिहिते. मी पहिली बातमी शोधली ती त्या बंदराची. तो ठोकळा फुटावा असं मला वाटत होतं. एवढं तरी व्हावं. बंदराला काहीही झालं नव्हतं. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, शांत पाणी, उभी जहाजं. अगदी नाण्यावर असतं तसं.

पुढच्या वर्षी मी तिथे गेले. पाटी चकाकत होती, कुणीतरी रोज पुसत असावं. एका कोळ्याला विनवून ओहोटीच्या वेळी त्याच्या होडीतून धक्क्याच्या समुद्राकडच्या अंगाला गेले. शिंपल्यांच्या थराच्या जरा वर, हिरव्या शेवाळात, होडीचा खळगा होता. तळहाताएवढा, सुबक, शिडासकट. आणि त्याच्या खालून दोन तांबड्या रेघा पाण्यापर्यंत ओघळल्या होत्या. आजूबाजूला केसांसारख्या चिरा, प्रत्येकीतून गंज.

तिथूनच पप्पांना फोन लावला. त्यांनी विचारलं, चिरा आडव्या की उभ्या? मी म्हटलं, आडव्या, लोखंडाच्या रेषेत. "हं," ते म्हणाले. "अजून पंधरा-वीस वर्षं कळणार नाही कुणाला. चाचांना सांगू नकोस."

मी कंपनीला पत्र लिहिलं. या वेळी खाली माझं नाव, माझा पत्ता. उत्तर आलं नाही. बंदर चालवणाऱ्यांना लिहिलं, फोटो जोडले. कळवल्याबद्दल आभार, असं आलं. एवढंच.

त्या वर्षी ईदला पप्पांची तब्येत बरी नव्हती, म्हणून फोन मी केला. चाचांचा आवाज पातळ झाला होता. माझ्या लग्नाचं विचारलं, आईचं विचारलं, आणि मग, "धक्का उभा हाय ना, बाय?"

"आहे, चाचा."

"मंग झाला," ते म्हणाले.

आयुष्यभर पत्रकांवर वाढलेली मी. जे खरं आहे ते छापायचं, इतकंच मला शिकवलं होतं. त्यांना मी खरं सांगितलं आणि तरी ते खरं नव्हतं.

हे लिहून झाल्यावर मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. गंजाचा भाग गाळला. ऐकून ते म्हणाले, ठेव, पण नाव घालू नकोस. म्हणून यात कुणाचंच नाव नाही. माझं सोडून दुसऱ्या कुणाचं नाव पणाला लावायचा मला अधिकार नाही, आणि माझ्या नावाचं कुणाला काही पडलेलं नाही.

तुमच्यापैकी पुष्कळ जण पत्रकं काढणारे आहात. काढा. पण ज्याच्या तोंडून तुम्ही ते ऐकलंत त्याच्याकडे आधी जा, समोर बसा, आणि लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवा. त्याला वाचता येतं असं गृहीत धरू नका. तो नाही म्हणाला, तर छापखान्यात जाण्याआधी त्याचं नाव खोडा आणि त्या जागी तुमचं लिहा.